उन्हान बत्ती कनाला?

वाचकहो, तुमच्या माजघरात किंवा ओटीवर गेलेल्या माणसांचे फोटो लावलेले असतील. हार घातलेले, काचेवर कुंकवाचा टिळा लावलेले. आज घरी गेलात की त्यांतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांकडे जरा जवळ जाऊन बघा. काही डोळ्यांत एक बारीकसा पांढरा ठिपका चमकताना दिसेल. काहींत तो नसेल, नुसत्या दोन काळ्या खोबणी दिसतील. ठिपका असलेले माणूस आपल्याकडे बघते आहे असे वाटते. नसलेले कुणाकडेच बघत नाही.

या एवढ्याशा ठिपक्याने माझी झोप उडवली होती, ती हकिगत सांगतो.

१९८१ सालची गोष्ट. कल्याणला माझा लहानसा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे काय, दहा बाय बाराची खोली, मागे लाकडी फळ्यांची डार्करूम, आणि पडद्यावर रंगवलेला ताजमहाल. पासपोर्ट फोटोवर चहापाणी सुटे. खरी कमाई वैशाखातल्या लग्नांची. कल्याणच्या आसपासची आगरी-कुणब्यांची गावे तेव्हा अजून गावेच होती. आता जिथे सात-सात मजली इमारती उभ्या आहेत तिथे भाताची खाचरे होती, आणि लग्नाच्या मांडवात धवलारीण बसून धवले म्हणत असे. गळ्यात कॅमेरा अडकवून मी सायकलवरून जात असे.

अशाच एका लग्नात, ऐन दुपारी बाराच्या सुमारास, नवऱ्या मुलाची थोरली वहिनी माझ्यासमोर अंगणात येऊन उभी राहिली. नऊवारी, डोक्यावरून पदर, नथ, हातात ताट. कामाच्या धांदलीतून दोन क्षण मोकळी झालेली. म्हणाली, “माझा एक काढ.” मी काढला. ऊन बरोबर डोक्यावर होते आणि पदराची सावली कपाळावरून खाली गालापर्यंत आली होती. मला ती दिसली नाही असे नाही. पण रोल संपत आला होता, पंगत बसायची होती, आणि ‘ऊन भरपूर आहे, फोटो येणारच’ असे तेव्हा मला वाटत असे.

त्याच पावसाळ्यात, आवणीच्या दिवसांत, त्या बाईला खाचरात साप चावला. ती वाचली नाही.

तिचा नवरा आणि सहा-सात वर्षांची मुलगी स्टुडिओत आली. दुसरा फोटोच नव्हता. मी निगेटिव्ह शोधून मोठा फोटो छापला. नथ आली, ताट आले, पायातले जोडवेसुद्धा स्वच्छ आले. डोळ्यांच्या जागी मात्र काळे. मुलगी काउंटरला नाक लावून फोटोकडे बघत होती. तिने बापाला विचारले, “यान आयेचे डोले कुठं हान?”

मी म्हटले, दोन दिवसांनी या, नीट करून देतो. आमच्या धंद्यात त्यावर उपाय होता. बारीक ब्रश घ्यायचा, पांढरा जलरंग घ्यायचा, आणि दोन्ही डोळ्यांत एकेक टिपका टाकायचा. ‘डोळे उघडणे’ म्हणत असू आम्ही त्याला. मी ते केले. दोन्ही डोळ्यांच्या अगदी मधोमध, सारखे, वाटाण्यासारखे गोल. फोटो बाहुलीसारखा दिसू लागला. मुलीने बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “आयेचे डोले असे नव्हते.” बाप काही बोलला नाही. त्याने पैसे मोजले, फोटो धोतराच्या सोग्यात गुंडाळला आणि दोघे उन्हात निघून गेली. त्याने भांडण केले असते तर बरे झाले असते.

ठाण्याला, मासुंदा तलावाच्या काठी, म्हणजे तुम्ही आम्ही ज्याला तलावपाळी म्हणतो तिथे, एका जुन्या छायाचित्रकारांकडे माझे जाणे-येणे होते. वयाने वडिलांसारखे. त्यांना तो फोटो दाखवला. त्यांनी आधी मला शिव्या दिल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. मग घरातून घासलेला तांब्या मागवला आणि माझ्यासमोर धरला. “यात काय दिसते?” मी म्हटले, खिडकी दिसते, लहानशी, वाकडी. म्हणाले, “डोळा म्हणजे हाच तांब्या. बुबुळावरचा पडदा ओला आणि फुगीर असतो, म्हणून समोर जो उजेड असेल त्याचे इवलेसे चित्र त्यात पडते. खिडकी असली तर खिडकी, आभाळ असले तर आभाळ. तो ठिपका म्हणजे डोळ्याची चमक नव्हे, माणसासमोर काय होते त्याची ती खूण आहे. तुझ्या त्या बाईसमोर काय होते? डोक्यावर ऊन, कपाळावर पदर, आणि पुढे काळी जमीन. मग डोळ्यात येणार काय?”

त्यांनी मला भर दुपारी तलावाच्या कठड्याशी नेऊन उभे केले. एकदा रस्त्याकडे तोंड करून आणि एकदा पाण्याकडे तोंड करून. पाण्याकडे तोंड केल्यावर माझा चेहरा खालून उजळला असे ते म्हणाले. पण लगेच पुढे म्हणाले, “हे फोटोत चांगले दिसत नाही. खालून उजेड आला की माणूस शेकोटीवर बसलेल्या भुतासारखे दिसते. ठिपका बुबुळाच्या वरच्या अंगाला हवा. घड्याळाचे काटे धर, दहाच्या किंवा दोनच्या जागी. कारण जन्मापासून आपण माणसांच्या डोळ्यांत आभाळ पाहिलेले असते, आणि आभाळ वर असते.”

मग त्यांनी पेटीतून फ्लॅश काढला. मी म्हटले, या उन्हात? ते हसले.

वाचकहो, माझाही समज तुमच्यासारखाच होता, की फ्लॅश अंधारासाठी असतो. रात्रीच्या वरातीसाठी, देवळाच्या गाभाऱ्यासाठी. खरी गोष्ट अशी की दुपारचे ऊन कमी नसते, ते जास्त असते आणि एकाच बाजूने असते. जिथे पडते तिथे पांढरे करते, जिथे पडत नाही तिथे कोळसा. आपला डोळा हे दोन्ही सांभाळून घेतो, पदराखालचा चेहरा आपल्याला दिसतो. फिल्म तसे सांभाळत नाही. म्हणून सावलीत थोडा उजेड ओतायचा. उन्हाशी स्पर्धा करायची नाही, फक्त खड्डे भरायचे. शेताला बांधावरून पाणी देताना जिथे उंचवटा आहे तिथे पाणी लागत नाही, मग तिथे तांब्याने शिंपतो ना, तसे.

आता यातला हिशेब सांगतो, कारण त्याशिवाय ही गोष्ट हातात येत नाही. ज्यांना नको असेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद ओलांडून जावे.

माझ्याकडे दोन भिंगांचा याशिका कॅमेरा होता आणि १२५ एएसएची ओर्वो फिल्म, पूर्व जर्मनीची. लख्ख उन्हात या फिल्मला १२५ चा शटर, म्हणजे सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग, आणि १६ चे छिद्र असे माप बसते. फ्लॅशवर त्याची ताकद लिहिलेली असते, तिला गाइड नंबर म्हणतात. माझ्या फ्लॅशचा मीटरमध्ये २८ होता. हा आकडा अंतराने भागायचा. अडीच मीटर, म्हणजे आठ फूट अंतर धरले तर उत्तर सुमारे ११ येते. म्हणजे आठ फुटांवर त्या फ्लॅशला ११ चे छिद्र पुरे होते. पण आपण छिद्र १६ वर ठेवले आहे, जे त्याहून लहान आहे. तेव्हा फ्लॅशचा उजेड हवा त्याच्या निम्माच पडतो. आणि आपल्याला निम्माच हवा असतो! पुरता पडला की चेहरा कागदातून कापून चिकटवल्यासारखा दिसतो आणि बघणाऱ्याला लगेच कळते. अंतर दुप्पट केले तर उजेड चौपटीने घटतो, म्हणून पावले मोजून उभे राहावे लागते. फार जवळ जावे लागलेच तर फ्लॅशवर पांढरा रुमाल एकपदरी टाकायचा. निम्मा उजेड तो खातो आणि उरलेला मऊ करतो.

दुसरे म्हणजे शटर. फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी वेळ चमकतो, म्हणून शटर लवकर मिटले तरी त्याचा उजेड कमी होत नाही. ऊन मात्र कमी होते. म्हणजे शटरने ऊन कमीजास्त करता येते आणि छिद्राने दोन्ही. ही किल्ली एकदा सापडली की सगळे आपल्या हाती. याशिकाचे शटर भिंगातच असल्यामुळे पाचशेच्या वेगालाही फ्लॅश चाले. कापडी पडद्याच्या शटरचे कॅमेरे भारी दिसत, पण त्यांतल्या पुष्कळांना साठाच्या वर फ्लॅश जुळत नसे. वेग वाढवला की फोटोचा एक पट्टा काळा. लोक माझ्या जुन्या खोक्याला हसत आणि मी मनात हसत असे.

अर्थात शिकताना फजिती व्हायची ती झालीच. एका नवरीच्या अंगाला हळद आणि तेल, त्यावर सरळ फ्लॅश. कपाळ पितळी परातीसारखे चकाकले. एका गुरुजींच्या चष्म्यात दोन फ्लॅश दिसले, डोळे एकही नाही. तेव्हापासून चष्मेवाल्याला मान किंचित खाली करायला सांगतो आणि फ्लॅश कॅमेऱ्यापासून हातभर वर आणि बाजूला धरतो. एकदा हौसेने दोन फ्लॅश लावले. दोन्ही डोळ्यांत दोन-दोन ठिपके आले आणि माणूस घाबरलेला दिसू लागला. एक पुरे. सूर्य एकच असतो.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. कल्याण-कर्जत मार्गावर वांगणी नावाचे स्टेशन आहे, तुम्ही गाडीतून पाहिले असेल. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचे बाहेरचे काही प्रसंग त्या गावाजवळ चित्रित केले. तो १९१३ साली मुंबईत लागला. तलवारी-भाले घेतलेली ही मंडळी पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्यासारखे वाटले आणि पाटलापर्यंत प्रकरण गेले, अशी गोष्ट सांगतात. सारे चित्रण सूर्यप्रकाशावर. ऊन आले की काम, ढग आला की बसून राहायचे. आपल्या शेतीसारखेच! आणि चेहरे पाहायचे असतील तर कै. गौतम राजाध्यक्ष यांचे ‘चेहरे’ हे पुस्तक एखाद्या वाचनालयात मिळते का पाहा. नट-नट्यांना तुम्ही ओळखताच. तुम्ही फक्त डोळ्यांतले ठिपके शोधा आणि उजेड कुठून आला असेल त्याचा अंदाज बांधा. मी माझ्याकडे कामाला येणाऱ्या पोरांना हाच धडा पहिल्या दिवशी देत असे.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे ना फ्लॅश ना याशिका, हातात मोबाइल आहे. तर त्याचेही सांगतो.

मोबाइलची बत्ती फार दुबळी. दुपारच्या उन्हात ती दोन-तीन फुटांपलीकडे काही करत नाही, आणि तेवढे जवळ जाऊन फोटो काढला तर नाक मोठे येते. तरी वापरायचीच झाली तर ती ‘ऑटो’वर ठेवू नका. यंत्र ऊन बघते आणि म्हणते, गरज नाही. ती मुद्दाम चालू करावी लागते. पण खरे सांगू? आपल्या घरात याहून चांगली सोय आहे, ती म्हणजे ओटी. म्हाताऱ्या माणसाला ओटीच्या कडेशी, छपराच्या सावलीत बसवा, तोंड अंगणाकडे. ऊन अंगावर येता कामा नये, पण समोर मोकळे आभाळ दिसायला हवे. सगळे आभाळ त्यांच्या डोळ्यांत उतरते. मागे काळोखी ओटी, त्यामुळे चेहरा उठून येतो. अंगण सारवलेले, रंगाने काळपट असेल तर समोर एक धुतलेले पांढरे धोतर किंवा चादर पसरा, किंवा घरातल्या पोराला ती छातीशी धरून उभे करा. हनुवटीखालची सावली लगेच हलकी होते. समोर चुन्याची भिंत असेल तर चादरीचीही गरज नाही. मग मोबाइलवर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवा, म्हणजे यंत्र पांढऱ्या टोपीला भुलून चेहरा काळा करत नाही. टोपी थोडी मागे सरकवा, पदर बोटभर मागे घ्या. डोक्यावरून काढायला सांगू नका, म्हाताऱ्या बायांना ते रुचत नाही आणि फोटोतही ते त्यांचे वाटत नाही.

शेतातच फोटो हवा असेल तर सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. डोंबिवलीला फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे पोरापोरींची जी गर्दी लोटते ती पाहिली आहे का? नवे कपडे, हातात मोबाइल. मी दोन-तीन वर्षांपूर्वी नातीबरोबर गेलो होतो. सकाळच्या तिरक्या उन्हात सगळ्यांचे चेहरे सोन्यासारखे दिसत होते, आणि सगळी मंडळी सूर्याकडे पाठ करून फोटो काढीत होती, कारण समोर केले की डोळे दिपतात. चेहरे काळे. मी नातीला म्हटले, आपण रस्त्याच्या पलीकडे, ज्या दुकानाच्या काचेवर ऊन पडून परत येते आहे त्याच्यासमोर उभे राहू. ती म्हणाली, आजोबा, कायम धंद्यात असता तुम्ही. फोटो मात्र तिने तोच ठेवला.

आता ती मुलगी. १९९६ साली तिचे लग्न ठरले आणि फोटोचे काम मला आले. मला वाटले होते की ते लोक माझ्याकडे पुन्हा येणार नाहीत. पण बापाने निरोप धाडला. त्याच अंगणात मांडव, तीच दुपारची वेळ. अंगणाच्या पलीकडची खाचरे मात्र विकली गेली होती आणि तिथे पाया खणलेला होता. मुलीच्या बापाला मी बाजूला बोलावले आणि म्हटले, दादा, तुमचा एकट्याचा एक काढू. ते डोक्याला मुंडासे बांधून उभे राहिले. ऊन डोक्यावरच. मी फ्लॅश चढवला तसे ते म्हणाले, “उन्हान बत्ती कनाला?” कनाला म्हणजे कशाला. मी म्हटले, डोळ्यांसाठी. ते गप्प झाले. मग मुंडासे दोन बोटे मागे सरकवून थेट भिंगाकडे बघत राहिले, आणि मी आठ फूट मोजून बटण दाबले. रंगीत फोटो होता तो. आजवर मी काढलेल्या फोटोंत मला तो पहिल्या पाचांत वाटतो.

१९९९ नंतर ते फार दिवस राहिले नाहीत. दोघांचे फोटो घरी शेजारी-शेजारी लागले, मुलीने मुद्दाम सांगितले होते म्हणून मी एका मापाची चौकट करून दिली.

२६ जुलै २००५ चा पाऊस तुम्हाला आठवत असेलच. उल्हास आणि वालधुनी या दोन्ही नद्यांनी कल्याणच्या बाजूला काय केले ते सांगायला नको. माझ्या दुकानात छातीभर पाणी होते. चोवीस वर्षांच्या निगेटिव्हांचा चिखल झाला. १९८१ चीही त्यातच गेली. चौथ्या-पाचव्या दिवशी ती मुलगी, आता दोन लेकरांची आई, प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन चौकटी घेऊन आली. काचेला फोटो चिकटलेले. तिने ते ओढून काढले नव्हते ही देवाची कृपा. ओला फोटो काचेवरून कधीही ओढू नये, वरचा थर काचेलाच राहतो. मी स्वच्छ पाण्याची परात भरली, काचेसकट फोटो त्यात बुडवले आणि थांबलो. तासाभराने आईचा फोटो आपोआप सुटला. चिखल धुतला. कागद जुना, चांगल्या जातीचा, त्यामुळे एका कोपऱ्यापलीकडे काही गेले नव्हते.

पण माझे ठिपके गेले होते. जलरंगच तो, पाण्यात विरघळून गेला. पदराखाली पुन्हा तोच काळोख.

मी दुकानाच्या मागे जाऊन ब्रश शोधू लागलो. या वेळी नीट टाकीन, वरच्या अंगाला, दहाच्या जागी, बारीक. तिने ओळखले. म्हणाली, “काका, नका घालू. असाच ऱ्हाऊ द्या.”

बापाच्या फोटोचा रंग थोडा उडाला होता, डोळे शाबूत होते. दोन्ही फोटो मी दोरीवर चिमट्यांना लावून वाळत घातले. बाहेर अजून पाऊस होता, म्हणून दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी ती नव्या चौकटींचे पैसे घेऊन आली. मी घेतले नाहीत. तिने ते काउंटरवर ठेवले आणि गेली.

मागच्या वर्षी तिचा मुलगा ते दोन्ही फोटो मोबाइलवर घेऊन माझ्याकडे आला होता. हल्ली यंत्रच डोळे उघडते म्हणतात, क्षणात, अगदी जिवंत. त्याला आजीचे करून हवे होते. मी म्हटले, आईला विचारलेस का? नाही म्हणाला. मी म्हटले, आधी विचारून ये. तो अजून आलेला नाही.